ओळ संपली की बसायचं

वास आधी आला. रेवाने गाडीची काच जराशी खाली केली आणि तो आत शिरला, सडक्या कोबीसारखा उग्र, एकदा नाकात बसला की दिवसभर न निघणारा. वेचणीच्या मशीनला पानांची अडचण होऊ नये म्हणून इथे अमेरिकेत कापूस फुटल्यावर झाडांवर पानं गाळायचं औषध फवारतात, त्याचा हा वास. आता औषधं बदलली असतील म्हणा, पण ते माझ्या नाकाला कोण सांगणार? पुढच्या वळणावर शेत दिसलंच. एका बाजूला नव्या घरांची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला रेवाच्या कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीसारखीच कुठलीशी बिनखिडक्यांची इमारत, आणि मध्ये पांढरंशुभ्र शेत. निवृत्त होऊन मी चँडलरला लेकीकडे राहायला आले त्यालाही काही वर्षं झाली, पण इथे कापूस पिकतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"थांबव गं गाडी."

"आई, इथे थांबायला शोल्डरच नाहीये. आणि स्मेल बघ ना किती आहे!"

"म्हणूनच थांबव."

रेवा माझ्याइतकीच हट्टी आहे. पण मी दाराच्या कडीला हात घातला होता, त्यामुळे तिचं काही चाललं नाही.

आमच्याकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. हा शब्द मी कित्येक वर्षांत मोठ्याने उच्चारला नव्हता. माझं माहेर यवतमाळकडचं. वडील शाळामास्तर, स्वतःचं शेत नाही, पण आत्याचं होतं, आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोरं तिच्याकडे जायचो तेव्हा वेचणी लागलेली असायची. पहिल्या वेचणीला आत्या शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवायची, सीतादही म्हणायचे त्याला. मग बाया कमरेला ओटी बांधून आपापली ओळ धरायच्या. तोंडाने टवाळी, सुनांची उणीदुणी, मध्येच एखादीचं गाणं. बोंडांची टोकं नखांच्या कडेला बोचून त्यांची बोटं रक्ताळायची, ते मात्र गाण्यात नसायचं. मला कापूस म्हटलं की दहीभात आठवायचा. अलाबामात जाईपर्यंत तरी असंच होतं.

ते ऐंशीच्या दशकातले दिवस. आमच्या ह्यांना तिकडच्या एका कापडगिरणीत इंजिनिअरची नोकरी लागली होती, आणि जिथे अमेरिकन डॉक्टर टिकत नाहीत अशा एका गावच्या दवाखान्यात मला डॉक्टर म्हणून घेतलं. लाल माती, सपाट रान, एक मोठा रस्ता आणि त्यावर मोजकी दुकानं. गावात भारतीय म्हणाल तर आम्ही तिघंच, त्यातली एक रेवा, अजून शाळेतही न जाणारी. सप्टेंबर सरत आला की फवारणीची विमानं शेतांवर इतकी खाली यायची की वैमानिकाची टोपी दिसावी. दुसऱ्या दिवशी माझा दवाखाना खोकणाऱ्यांनी भरायचा. मी इंजेक्शनं भरत असायची आणि खिडकीतून शेतं दिसायची, पानं झडलेली, नुसत्या काटक्या आणि कापूस. आत्याच्या शेतात हिरवं आणि पांढरं एकत्र असायचं. इथे झाडाला आधी मारायचे आणि मग वेचायचे. मला ते शेवटपर्यंत बघवलं नाही.

मिस आयडा याच मोसमात माझ्याकडे पहिल्यांदा आली. वय ऐंशीच्या पुढे, हृदय थकलेलं, पायांवर सूज, छातीत पाणी. मी सवयीने म्हटलं, "बसा आंटी." आपल्याकडे मोठ्या बाईला दुसरं काय म्हणणार? तिचा चेहरा दार लावावं तसा मिटला. तपासणी झाल्यावर नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं, की गोरे लोक काळ्या बाईच्या नावाआधी मानाचं काही लावायला नको म्हणून आंटी म्हणायचे, जन्मभर. मी परत आत गेले आणि म्हटलं, "आमच्या देशात आंटी म्हणजे काकू. आईच्या मानाची." ती म्हणाली, "मग तुझ्या देशात गेल्यावर म्हण. इथे मिस आयडा." त्या दिवसापासून आमचं जमलं.

तिला येणं जमेनासं झालं तशी मीच तिच्याकडे जाऊ लागले. गावाबाहेर लाकडी घर, समोर अंगण. अंगणात गवताचं पातं नाही. शेजारपाजारी सगळीकडे हिरवळ राखायची हौस, आणि हिच्याकडे लख्ख झाडलेली लाल माती, तिच्यावर झाडूच्या वळशांच्या रेघा. मला इतकं बरं वाटलं ते बघून, की पायातल्या चपला काढाव्यात.

दिवाळी जवळ आली होती. कापसाचे ट्रेलर जाऊन जाऊन रस्त्याच्या कडेला, पिंजाऱ्याच्या दुकानासमोर पडतो तसा कापूस साचला होता. त्या दिवशी रेवा माझ्याबरोबर होती. तिने फ्रॉकचा ओचा भरून कापूस गोळा केला आणि तशीच मिस आयडाच्या दारातून आत निघाली.

"तो बाहेर ठेव, बेबी," आतून आवाज आला. "या घरात कापूस येत नाही. माझ्या बापाचा नियम आहे."

रेवा रडकुंडीला आली. मी सांगितलं, चूक हिची नाही, मीच तिला वेचायला सांगितला, मला वाती करायच्या आहेत.

"वाती म्हणजे?"

"दिव्याच्या. तुपात भिजवून देवापुढे लावतो."

"लावता म्हणजे? जाळता?"

"हो."

मिस आयडा हसायला लागली. हसता हसता खोकायला लागली, मी तिला पुढे वाकवून पाठीवर हात ठेवला तरी हसतच होती. "जाळा," म्हणाली, "जाळा, बेबी. माझ्या बापाला हे कुणी सांगितलं असतं, तर त्याने तुमचा देव आपला केला असता." मग ती काठी टेकत पडवीत येऊन बसली. मी सरकी काढून तळव्यावर वाती वळत होते, ती बघत होती, आणि बघता बघता बापाबद्दल बोलायला लागली. त्या मोसमात मी पुन्हा पुन्हा गेले, आणि ती दर वेळी थोडं थोडं बोलली.

तिच्या बापाचं नाव सायमन. तो गुलाम म्हणून जन्मला, त्याच शिवारात. चालता येऊ लागल्यावर त्याचं काम वेचणाऱ्यांना पाणी नेऊन द्यायचं. ओळीत उभा राहिलेला माणूस अंधार पडेपर्यंत उभाच. वाकायचं, पिशवी ओढायची, ओळ संपली की पुढची धरायची. बसायचं नाही. एका वेचणीच्या दिवसांत त्याची आई पोटुशी होती. ओळीच्या टोकाला तिला चक्कर आली आणि ती खाली बसली. सायमन बादली घेऊन तिच्याकडे निघाला होता. त्याच्या आधी मुकादम पोचला. त्याने तिला उठवलं, आणि ती पुन्हा बसू नये म्हणून जे करायचं ते केलं, उभ्यानेच, सगळ्यांसमोर. सायमनला वाटत होतं की आपण पाणी सांडलं तर आपल्यालाही मारतील. म्हणून तो बादली सांभाळत उभा राहिला. ते मूल जगलं नाही.

"त्याला बादलीचं फार लागून राहिलं होतं," मिस आयडा म्हणाली. "म्हातारपणी म्हणायचा, मी ती बादली टाकून द्यायला हवी होती. टाकून काय झालं असतं? काहीच नाही. पण म्हणायचा."

मग गुलामगिरीवरून पेटलेलं ते यादवी युद्ध संपलं. खुरपणीचे दिवस होते. मालकाने सगळ्यांना घरासमोर बोलावलं, आणि तुम्ही आता मोकळे आहात असं सांगितलं. लोक टोप्या हातात धरून उभे. कुणी ओरडलं नाही, नाचलं नाही. मालक बोलत असताना सायमनची आई खाली बसली. तिथेच, मातीत, त्याच्यासमोर. मालकाने पाहिलं. मुकादमानेही पाहिलं. तिला कुणी उठवलं नाही. मिस आयडा म्हणाली, मोकळं होणं म्हणजे काय ते माझ्या बापाला त्या भाषणातून नाही, तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माणसं त्याच शेतात गेली. दुसरीकडे जाणार कुठे? जमीन मालकाची, खुरपी मालकाची, झोपड्याही मालकाच्याच. पुढे सायमन पिकाच्या वाट्यावर, बटईने, तीच जमीन कसत राहिला, मोकळा माणूस म्हणून, त्याच ओळींमध्ये, त्याच कापसाला वाकून. हे ऐकताना मला राग यायचा. स्वातंत्र्य मिळालं म्हणतात ते हेच का, असं मी एकदा बोलूनही गेले. मिस आयडाला ते आवडलं नाही.

"तो बसायचा ना," ती म्हणाली.

ओळ संपली की सायमन खाली बसायचा. थकला असो वा नसो. मालक बांधावर उभा असला तरीही, आणि मालकाला ते खुपायचंच. उत्तरवयात त्याने ओढ्याकाठचा एक तुकडा स्वतःचा केला. कुणाला नको होती अशी पाणथळ जमीन होती ती. तिथे त्याने हा नियमच केला. ओळ संपली की बसायचं. बायकोने, मुलांनी, हाताखाली आलेल्या माणसाने. बोलायचं नाही, गाणं नाही, प्रार्थना नाही. मातीत बसायचं, आपण वेचून आलो त्या ओळीकडे बघायचं, आणि मनाला वाटेल तेव्हा उठायचं. शेजाऱ्यांचं शेत आधी उरकायचं आणि ते येऊन हसायचे, की सायमनच्या घरी कोंबड्या अंडी उबवायला बसल्यात.

"मला कंटाळा यायचा," मिस आयडा म्हणाली. "पोर होते मी. सगळी पोरं घरी पळायची आणि आम्ही बसलेलो. पण बापाच्या आधी उठायची माझी हिंमत नव्हती. तसा तो कधी रागवायचा नाही. फक्त बघायचा."

पऱ्हाटीत बसलेला तो म्हातारा मी कधी पाहिला नाही, पण मला तो दिसतो. आत्याच्या शेतातल्या बायांच्या शेजारी बसवून पाहते. त्या बाया कधी बसायच्या हे मात्र मला आठवत नाही. मी तेव्हा दहीभात खात होते.

मरताना सायमनने सांगितलं, मला ओळ संपते तिथे पुरा. तसं त्याला पुरलं, मग त्याच्या बायकोला, दोन मुलांना. कबरींवर दगड लावायची ऐपत नव्हती. सायमनच्या उशाशी त्याचा पाण्याचा पांढरा चिनी मातीचा जग ठेवला, बूड फोडून. "आम्ही गेलेल्या माणसाची वस्तू फोडून ठेवतो," असं सांगताना मिस आयडा जरा चाचरली, परकीला हे वेडगळ वाटेल म्हणून असावं. मी म्हटलं, "आम्ही मडकं फोडतो." तिने मान हलवली आणि पुढे सांगू लागली.

पुढचं फार थोडं होतं. भाऊ उत्तरेकडच्या शहरांमध्ये पांगले, जमीन सगळ्यांची सामाईक राहिली. कुठल्याशा भाच्याने शेत न बघताच आपला वाटा विकला, आणि त्या एका वाट्याच्या जोरावर कोर्टातून सगळ्याचा लिलाव झाला. शेत टॉमच्या वडिलांनी घेतलं, आता टॉम कसत होता. टॉम म्हणजे माझ्याच वयाचा, लालबुंद मानेचा गोरा शेतकरी. कबरी त्याच्या कापसाच्या टोकाशी होत्या, आणि दर वर्षी कापूस त्यांच्याकडे थोडा थोडा सरकत होता.

"मला तिथे जायचंय," मिस आयडा म्हणाली. "बापाच्या शेजारी. तू त्याला विचार, तो तुझं ऐकतो. त्याचं ब्लडप्रेशर तूच बघतेस ना?"

तिचं एवढंच मागणं होतं. माझ्याकडे इतक्या साध्या गोष्टीची याचना करावी लागते याचंच मला वाईट वाटलं. टॉम आला तेव्हा त्याच्या दंडाला पट्टा बांधून मी विचारलं.

"डॉक, मी वाईट माणूस नाही," तो म्हणाला.

"तसं मी म्हटलंच नाही. हात सैल सोडा."

"पण उभ्या पिकातून कबर खोदायला वाट कुठून देऊ? पीक निघू दे. मग बघू."

बोलणं वाजवी होतं. मी ते जसंच्या तसं मिस आयडाला सांगितलं. तिने डोळे मिटले. "पीक निघू दे," ती म्हणाली. "या एका वाक्यावर माझ्या बापाचं अर्धं आयुष्य गेलं." मग माझा हात धरून म्हणाली, "ठीक आहे, बेबी. मला पीक निघेपर्यंत ठेव."

तिला ठेवणं माझ्या हातात होतं थोडंच! पण मी हट्टाला पेटले. लघवीच्या गोळ्या वाढवल्या, मीठ पूर्ण बंद केलं, तिच्या स्वयंपाकघरातून खारवलेलं डुकराचं मांस स्वतः उचलून नेलं तेव्हा तिने मला जे शिव्याशाप दिले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. आणि त्याच वर्षी पाऊस लागला. ऐन वेचणीत पाऊस, म्हणजे मशीन शेतात उतरणार नाही. भिजलेला कापूस बोंडांमधून लोंबायला लागला, मळकट, दोऱ्यांसारखा. सगळं गाव आभाळाकडे बघत होतं, टॉम पिकासाठी आणि मी मिस आयडासाठी. मी देवाला ऊन मागितलं. टॉमचं भलं व्हावं म्हणून नाही, हे देवालाही कळलं असेल. तिच्या पायांवरची सूज मी रोज अंगठ्याने दाबून बघायची. खळगा भरून यायला वेळ लागायचा, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत विचारायची, "निघालं का पीक?"

शेवटी ऊन पडलं. टॉमने नवीन मशीन आणलं होतं, एका दमात चार ओळी उचलणारं, घराएवढं. ते दिवसभर घरघरत राहिलं आणि कापूस निघाला. मिस आयडा जिवंत होती. टॉमचा फोन आला, की आता खुशाल या, जागा दाखवा. तो शब्दाला जागला, हे मला सांगायलाच हवं. मी तिला गाडीत घातलं, ब्लँकेटात गुंडाळून, आणि रेवाला मागे बसवलं.

मशीन कधी बसत नाही. ओळ संपली की ते वळतं आणि पुढच्या ओळींना लागतं. एवढ्या मोठ्या मशीनला वळायला जागा लागते, आणि जागा ओळींच्या टोकाशीच असते.

कबरी होत्या तिथे ओल्या मातीत चाकांचे गुडघाभर खोल चर पडले होते, एकमेकांत गेलेले, गोल गोल. कुठे चिनी मातीचा तुकडा पांढरा दिसायचा, कुठे निळी कड. मशीन चालवणारा बाहेरगावचा होता, त्याला वाटलं कुणीतरी कचरा टाकलाय. टॉम टोपी काढून उभा होता. "मी त्याला सांगायला विसरलो, डॉक," तो म्हणाला, आणि मग तेच तिला म्हणाला, पहिल्यांदाच मॅम म्हणून.

मिस आयडाने गाडीचं दार उघडायला लावलं. उतरली नाही. खूप वेळ त्या चरांकडे बघत होती. मला वाटलं होतं ती रडेल किंवा बोट दाखवून सांगेल, इथे खणा. मी वाट बघत होते की तिला काहीतरी खूण सापडेल.

"कोण कुठे आहे, काय माहीत," ती म्हणाली. "मला अंदाजाने आईच्या छातीवर नाही निजायचं. चल घरी."

नंतर तिने पिकाबद्दल विचारलं नाही. गोळ्या घेतल्या, मीठही मागितलं नाही. ती बरी झाली असती असं नाही, पण इतके दिवस तिने जे धरून ठेवलं होतं ते सोडलं, हे मला तिच्या नाडीवर बोट ठेवताच कळायचं. जानेवारीत गेली. मला ती फार आवडायची. माझी आई भारतात वारली तेव्हा मला जाता आलं नव्हतं, ते रडू मी मिस आयडाच्या उशाशी रडले.

तिला गावातल्या चर्चमागच्या दफनभूमीत पुरलं. कापलेलं गवत, प्लॅस्टिकची फुलं, पलीकडून जाणारे ट्रक. डेट्रॉइटहून एक भाचा आला होता, थंडीत हात चोळत. गाणी झाली, चांगली झाली. पेटी खाली गेली, माती पडली, आणि माणसं परत फिरायला लागली. मी वाट बघत होते की आता कुणीतरी बसेल. तिच्या घरचं कुणीतरी, तो भाचा, एखादी म्हातारी. कुणी बसलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सायमनचा नियम ठाऊक असलेली त्या गावात आता मी एकटीच आहे, यवतमाळची.

मी कोट सावरला आणि खाली बसले. गार, ओल्या मातीत, तिच्या पायथ्याशी.

"डॉक्टरांना चक्कर आली!" कुणीतरी ओरडलं. धावपळ झाली. दोन भक्कम हात माझ्या काखेत आले. भाच्याचेच होते ते. त्याने मला अलगद, फार मायेने उचललं आणि उभं केलं. कुणी घडीची खुर्ची आणली, कुणी पाणी. मी सांगायचा प्रयत्न केला, की मला काही झालेलं नाही, मी बसले होते. पण थंडीने आणि रडण्याने माझं इंग्रजी पळून गेलं होतं. ती माणसं माझ्याशी इतकी चांगली वागत होती, की मी मुकाट्याने पाणी प्यायले.

पुढच्याच वर्षी आम्ही ते गाव सोडलं. तिथल्या शेताचं काय झालं मला माहीत नाही. इथल्याचं माहीत आहे, कारण चँडलरच्या या शेताच्या कोपऱ्यावर मोठी पाटी लागलीय, घरांचं बुकिंग सुरू झालंय म्हणून. रेवाला अलाबामातलं फारसं आठवत नाही. एक म्हातारी बाई मला कॉटन आत आणू देत नव्हती, एवढंच ती सांगते.

मी बांध उतरून एका ओळीच्या टोकाशी गेले. माती कोरडी, तापलेली. गुडघे कुरकुरले, पण हात टेकत टेकत मी बसले. समोर ओळ सरळ गेली होती, अजून न वेचलेली, पार त्या भिंतीपर्यंत. मागे गाडीचं दार धाडकन वाजलं आणि रेवा धावत आली.

"आई! आर यू ओके? चक्कर आली का? थांब, थांब, मी उठवते तुला."

तिचे हात माझ्या काखेत आले. मी ते धरले आणि बाजूला केले.

"उठवू नकोस मला," म्हटलं. "माझी मी उठेन."